दाखविणे आणि पटविणे
(भिवंडी येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे सभेत बोलण्याविषयीच बोलणार आहे. हा विषय केवळ पुढाऱ्यांचा आहे, असे कृपा करून समजू नका. वस्तीतला नळ, गटार, मुलांची शाळा, शिष्यवृत्ती यांसाठी ग्रामसभेत किंवा एखाद्या अधिकाऱ्यापुढे उभे राहण्याची पाळी आपणांपैकी कोणावरही येऊ शकते. ज्यांच्या पणजोबांना सभेच्या कडेलाही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्याच घरची मुले-मुली आज बोलावयास उभी राहत आहेत. न्याय्य मागणी नीट मांडता न आल्यामुळे फेटाळली गेली, तर तो तोटा एकट्या वक्त्याचा नसतो. साऱ्या वस्तीचा असतो.

भिवंडी हे मागांचे गाव. येथे कापडाचे नुसते वर्णन ऐकून कोणी सौदा करीत नाही. व्यापारी म्हणतो, नमुना दाखवा. तो कापड बोटांत धरतो, उजेडात पाहतो. आणि मग आणखी एक गोष्ट पाहतो. माल देणारा कोण आहे, मागचा माल त्याने शब्दाप्रमाणे दिला होता की नाही? सभेतला श्रोताही हेच दोन प्रश्न मनात विचारीत असतो. तुमच्याजवळ दाखवावयास काय आहे? आणि तुमच्यावर विश्वास का ठेवावा?

तथागतांनी राहुलाला असत्याविषयी उपदेश केला, तो प्रसंग आठवा. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडेसे पाणी उरले होते. ते त्यांनी राहुलाला दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेच थोडे, असे सांगितले. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखविले. आणि दर वेळी तोच बोध पुढे नेला. त्यासाठी कोणतेही मोठे साधन आणले नव्हते. वस्तू हातातली, रोजची आणि एकच होती. पण ती नेमकी बोलण्याच्या मुद्द्याची होती.

आपल्या पश्चिमेला सोपारा आहे. तेथे १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केली, असे त्या लेखात अशोक सांगतो. दगडावर कोरलेले अक्षर सर्वांना दिसत होते खरे. परंतु त्याचे खरे बळ राजाने आधी स्वतः केलेल्या कृतीत होते.

महात्मा जोतीराव फुले यांचे उदाहरण तर त्याहून जवळचे. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. भरजरी पोशाखातल्या पाहुण्यांत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरी प्रजा खेड्यांत दारिद्र्यात व अज्ञानात आहे, हे त्यांनी राजपुत्राला ऐकविले. तो वेष हाच त्यांच्या भाषणाचा पुरावा होता. दुसऱ्या कोणी तसा वेष घातला असता तर ते सोंग ठरले असते. परंतु जोतीरावांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली होती, १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता आणि शेतकऱ्यांच्या दैन्यावर ग्रंथ लिहिला होता. चाळीस वर्षांची करणी पाठीशी होती, म्हणून त्या वेषाला अर्थ आला.

महाडलाही हेच घडले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे ठरविले होते. ठराव कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी स्वतः प्यायले. हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे दावा झाला, आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयातही निकाल आपल्या बाजूने लागला. आधी कागद, मग कृती, मग कोर्टात पुरावा: हा क्रम ध्यानात ठेवा.

आता आपल्या कामाकडे वळू. समजा, वस्तीत पाण्याचे नळ कमी आहेत. ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढेच म्हणून बसू नका. घरोघर फिरून कुटुंबे मोजा. मोठ्या कागदावर वस्तीचा साधा नकाशा काढा. नळ कोठे आहेत, ते ठळक खुणेने दाखवा. अक्षर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही वाचता आले पाहिजे. एका कागदावर एकच गोष्ट असावी. तिच्याविषयी बोलावयाचे तेव्हाच तो उघडा, नंतर खाली ठेवा. नाहीतर लोक कागद पाहत बसतील आणि तुमचे शब्द वाऱ्यावर जातील. बोलताना तोंड लोकांकडे असू द्या, कागदाकडे नको. छायाचित्र दाखविल्यास कोणत्या दिवशी, कोठे काढले ते सांगा. आकडा सांगितल्यास कोणी मोजला ते सांगा. दहाचे शंभर करू नका; एक खोटा आकडा उघडा पडला, की नऊ खरे आकडेही बुडतात. ठाऊक नसेल तर ‘चौकशी करून सांगतो’ म्हणा, आणि मग खरोखर सांगा.

शेवटी एक कटू गोष्ट बोलतो. आपल्या व्यासपीठावर बाबासाहेबांचे चित्र असते. ते आपली विश्वासार्हता वाढवीत नाही. आपली जबाबदारी वाढविते. आकडा न मोजता, कागद न वाचता, त्या चित्राखाली उभे राहून मोठ्याने बोलणारा वक्ता दुसऱ्याची पत उसनी घेतो. ज्यांनी आपल्या ग्रंथांत नकाशे आणि कोष्टके देऊन प्रत्येक विधान तोलून मांडले, त्यांच्या चित्राखाली बेहिशेबी बोलणे शोभत नाही.

म्हणून पुढच्या सभेला नकाशा घेऊन या. तो घरातल्या मुलीने काढलेला असेल तर तिलाच तो घेऊन पुढे येऊ द्या, आणि तिलाच बोलू द्या.

जय भीम.