कडेवरचे मूल आणि आपला हजेरीपट

(पाथर्डी तालुक्यातील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



तान्ह्या व रांगत्या मुलांचे संगोपन हा विषय मला देण्यात आला, तेव्हा एका गुरुजींनी हसत विचारले की, सहा वर्षांपुढील मुलांना शिकविणाऱ्यांनी पाळण्यातल्या मुलाचा विचार कशासाठी करावयाचा? प्रश्न वावगा नाही. परंतु ज्या गैरहजेऱ्या आपण ‘पालकांची अनास्था’ या सदरात टाकून मोकळे होतो, त्यांपैकी पुष्कळशा घरातील एखाद्या दीड वर्षाच्या मुलामुळे घडलेल्या असतात. आईबाप कामावर जातात आणि थोरली मुलगी धाकट्याला सांभाळावयास घरी राहते. म्हणून हा विषय आपल्या दाराशी आलेलाच आहे.

मी स्वतः हे उशिरा शिकले. नोकरीच्या आरंभीच्या काळात माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन येऊ लागली. तो रडे, पाट्या ओढी, एकदा तर त्याने माझी खडूची पेटीच उपडी केली. चौथ्या दिवशी मी तिला सांगितले, ‘याला घरी ठेवून ये.’ ती गेली, आणि आठ दिवस आलीच नाही. माझ्या सांगण्यात ‘घरी कोणाजवळ?’ हा साधा प्रश्न नव्हता.

नवव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आई निंदणीला गेलेली, आजीला डोळ्यांनी अधू दिसत असे. ही नऊ वर्षांची मुलगी दोन्ही पाय लांब करून, त्यांवर भावाला पालथा घालून आंघोळ घालीत होती. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहावयाचे, डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरावयाचा, हे सारे तिला अवगत होते. अंग पुसून, तीट लावून तिने त्याला पांगुळगाड्यापाशी उभे केले. तो चार पावले चालला, बसला, आणि स्वतःच टाळ्या वाजवू लागला. त्यासरशी आंधळी आजीही हसली. ‘चालला का गं?’ असे तिने विचारले. त्या घरातील गरिबी मला ठाऊक होती. परंतु त्या घरात इतका आनंद आहे, हे मला ठाऊक नव्हते. ती मुलगी भुकेचे रडणे, झोपेचे रडणे आणि कान दुखल्याचे रडणे वेगवेगळे ओळखी. अशी बारीक नजर वर्गात आपण वर्षभर शिकवूनही येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला भावासह येऊ दिले. वर्गाच्या कोपऱ्यात एक गोधडी अंथरली. गोंगाट झाला, हे मी नाकारीत नाही. एका तासात दोनदा फरशी पुसावी लागली तेव्हा माझाही संयम सुटला. पण मुलगी हजर राहिली.

हा प्रश्न नवा नाही, आणि त्यावर आपल्याहून थोर माणसांनी विचार केलेला आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम सुरू झाले, तेव्हा मोठी भावंडे धाकट्यांपायी अडकून पडतात हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालविण्यात आल्या. बहीण भावाला पाळणाघरात ठेवी आणि पलीकडच्या वर्गात जाऊन बसे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढल्या. मला यात विशेष वाटते ते हे की, या दोघींनी मुलांच्या कामाला दोष दिला नाही. काम जेथे होते तेथे शाळेची जागा केली.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, या प्रश्नाला उसाची बाजू आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला आणि उत्तरेकडील तालुक्यांचे रूप पालटले. त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरड्या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. त्यामुळे अंगावर पिते मूल आहे म्हणून आईला मागे राहता येत नाही. पहाटे अंधारात फडात जावयाचे, मूल बांधावरच्या झाडाला झोळी टांगून त्यात ठेवावयाचे, किंवा कोपीत थोरल्या बहिणीच्या स्वाधीन करावयाचे. मोठ्या मुलांनी गावीच राहावे म्हणून शाळांतून हंगामी वसतिगृहे चालविली जातात, हे चांगलेच आहे. परंतु मुलगी मागे ठेवली की धाकट्याला कोण पाहणार, असे आई विचारते, आणि ‘तुम्ही शिक्षणाचे महत्त्व जाणत नाही’ हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वशिक्षण मिळते. तीन वर्षांखालील मुलाला आहार, वजन, लसीकरणाची आठवण एवढे मिळते. पण दिवसभर त्याला धरून बसण्यास तेथे कोणी नाही. २०२२ पासून केंद्र शासनाच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची तरतूद आहे. ती आपल्या गावासाठी मागावी, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीला निश्चितच करता येईल. ठरावाने लगेच पाळणा हलत नाही, हे मीही जाणते. तरीही मागणीचा कागद असावा.

आता थोडे मुलाच्या प्रकृतीविषयी. येथे दूर जावयास नको. जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्या सुमारास त्या भागात दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत असत. १९९० नंतरच्या दशकात हा आकडा तिसांच्या आत आला. हे साधले ते गावातीलच स्त्रियांना शिकवून. त्यांतील अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडू नये, उलट मीठसाखरेचे पाणी पाजत राहावे. पहिला चीक टाकून देऊ नये. सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर त्याच्या जोडीला मऊ वरणभात, भाकरी कुस्करून द्यावी, हे त्यांनी घरोघरी सांगितले. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे आपल्याच जिल्ह्यातले काम आहे.

मीठसाखरेच्या पाण्याचे प्रमाण मुलींना मात्र पक्के शिकवा: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. लिटर आणि अर्धा हा आपल्या गणिताचाच पाठ आहे. ज्या मुलीच्या कडेवर भाऊ आहे, तिला त्याचा उपयोग त्याच संध्याकाळी पडू शकेल. जुलाबात रक्त दिसले, किंवा मूल मलूल होऊन पाणीही पिईना, तर दवाखाना गाठावयाचा, हेही तिला सांगितलेच पाहिजे.

त्या मुलीची हकीकत अर्धीच राहिली. तिला निबंधाचा फार कंटाळा. एके दिवशी मी तिला सांगितले, ‘तुझा भाऊ जे जे शब्द बोलतो, ते वहीत लिही.’ तिने तारखेसह यादी केली. प्रथम अकरा शब्द होते: मम, भू, आजीसाठी ‘आई’ आणि आईसाठीही ‘आई’, आणि असेच आणखी. कोणता शब्द केव्हा आणि कशाकडे बोट दाखवून म्हटला, हे ती एकेका वाक्यात लिही. वर्षभरात तिने लिहिलेले सर्वांत चांगले लेखन तेच. इतर मुलींनीही घरच्या लेकरांच्या याद्या आणल्या, आणि कोणाचे बाळ अधिक बोलते यावरून मधल्या सुटीत भांडणे झाली.

दिवाळीनंतर आईवडील कारखान्यावर गेले. बरीच समजूत घातल्यावर मुलगी आजीजवळ राहिली. जेवणाची सोय शाळेतील हंगामी वसतिगृहात झाली. भाऊ आईबरोबर गेला. यादी सतराव्या शब्दावर थांबली. त्या पाच महिन्यांत तो बांधावरच्या झोळीतच असणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते आणि आम्ही त्याविषयी फारसे बोलत नसू.

एप्रिलमध्ये ट्रॅक्टर गावात शिरला तेव्हा ती शाळेतून धावत गेली. भावाने तिला प्रथम ओळखले नाही. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. यादीत नवे एकोणतीस शब्द होते: मोळी, वाढे, कोपी, टॅक्टर. शेवटच्या ओळीत तिने स्वतःचे नाव लिहिले होते, आणि पुढे कंसात, ‘संध्याकाळी म्हणाला.’