ख्रिस्ती मनाचा ‘विश्वास’

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी ‘ख्रिस्ती माणसाची ईश्वरश्रद्धा’ हा विषय योजून आपण अनेकान्ताला साजेसे औदार्य दाखविले आहे. सर्व मते एकसारखीच आहेत, असे अनेकान्त सांगत नाही. दुसरा ज्या बाजूने सत्य पाहतो, त्या बाजूस जाऊन ते समजून घ्यावे, एवढी त्याची अपेक्षा आहे. आज आपण तसा प्रयत्न करू.

हा विषय यवतमाळला परका नाही. आपल्या जिल्ह्यात फ्री मेथॉडिस्ट मिशनने दीर्घकाळ कार्य केले, उमरी येथे रुग्णालय उभारले. १९५३ मध्ये यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्यास गेली. तोवर तीस वर्षे ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अध्ययन याच गावात होत होते. शेजार एवढा जुना असूनही, शेजाऱ्याची श्रद्धा नेमकी कशावर आहे, हे आपण क्वचितच विचारले.

जैन दर्शन जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाही. तीर्थंकर मार्ग दाखवितात. चालायचे मात्र ज्याचे त्यानेच. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने सम्यग्दर्शनाचा अर्थ तत्त्वांवरील यथार्थ श्रद्धा असा केला आहे. ख्रिस्ती बांधव मात्र ‘विश्वास’ हा शब्द वापरतात आणि मराठी बायबलातही तोच रूढ आहे. मराठीत तत्त्व ‘पटते’, पण विश्वास माणसावर ‘ठेवला’ जातो. आपण या संस्थेची धुरा ज्यांच्या हाती दिली, त्यांना ‘विश्वस्त’ म्हणतो ते याच अर्थाने. ‘ईश्वर आहे’ हे विधान मान्य करणे ही ख्रिस्ती श्रद्धेची केवळ पहिली पायरी होय. त्या ईश्वराला पिता मानून आपले जीवन त्याच्या हाती सोपविणे, हे तिचे खरे स्वरूप आहे.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. धाकटा मुलगा वाटणी घेऊन परदेशी जातो, सारे उधळतो आणि उपाशीपोटी घराकडे वळतो. चाकर म्हणून तरी ठेवा, असे सांगण्याचा त्याचा विचार असतो. परंतु तो दूर असतानाच पिता धावत येऊन त्याला मिठी मारतो. क्षमा कमवावी लागत नाही, ती आधीच देऊ केलेली असते, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती धारणा या कथेत आहे.

येथे आपल्या मनात सहजच प्रश्न उठेल : मग केलेल्या कर्माचे काय? आपल्या दृष्टीने कर्माची निर्जरा स्वतःच्या संयमाने आणि तपानेच होते. ख्रिस्ती मनाला मात्र वाटते की, पापाचा भार माणसाला एकट्याने उतरविता येत नाही. तो ख्रिस्ताने क्रुसावर स्वतःवर घेतला. हा भेद मूलभूत आहे. तो झाकून ‘शेवटी सारे एकच’ म्हणणे दोन्ही धर्मांवर अन्याय करणारे होईल.

तथापि ही क्षमा स्वैराचाराचा परवाना नव्हे. याकोबाच्या पत्राने आचरणाविना असलेला विश्वास निष्प्राण ठरविला आहे. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत क्षमा मागणाऱ्याने इतरांना क्षमा करणेही गृहीत धरले आहे.

विश्वासाचे मोल काय असते, हे महाराष्ट्राने टिळक दांपत्याच्या जीवनात पाहिले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव, आप्त, समाज, सारे दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई पुत्रासह काही वर्षे वेगळ्या राहिल्या.

या कथेतील माझ्या मते अधिक बोलका भाग लक्ष्मीबाईंचा आहे. पतीने धर्म बदलला म्हणून त्यांनी तो बदलला नाही. पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीजवळ आल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही काळ सांभाळले. जातिभेद ईश्वरकृत नाही, ही खूणगाठ स्वतःच्या मनाशी बांधल्यावरच त्या बदलल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रवास त्यांनी कोणताही आव न आणता सांगितला आहे. टिळकांचे १९१९ मध्ये निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. श्रद्धा वारशाने किंवा विवाहाने मिळत नाही; ती ज्याची त्यानेच स्वीकारायची असते, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.

श्रोतेहो, येथे आपल्यालाही स्वतःला विचारण्यासारखे काही आहे. जन्माने लाभलेले जैनत्व आपण समजून-उमजून स्वीकारले आहे काय? संवत्सरीला वा क्षमावाणीला आपण परस्परांची क्षमा मागतो. ती ओठांवरून अंतःकरणात उतरते काय? ख्रिस्ती बांधव आपल्याला क्षमा मिळाली आहे म्हणून क्षमा करतो. आपण सर्व जीवांशी मैत्री हवी म्हणून करतो. आरंभ भिन्न असला, तरी वैर टाकून देण्याचे काम दोघांनाही तितकेच कठीण आहे. ते करणाऱ्या शेजाऱ्याकडे आदराने पाहणे, हेही अहिंसेचेच एक अंग होय.

 बोलण्यात अनवधानाने कुणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. जय जिनेंद्र!