सळईची पंगत

पंगतीत वाढपी आला आणि पोट भरलेले असले म्हणजे आपण काय करतो? पानावर दोन्ही हात आडवे धरतो. तरी तो वाढतोच, ही गोष्ट निराळी! ब्राझील देशात मात्र याला एक सोपी तोड काढलेली मी पाहिली. साओ पाउलो शहरात एका स्नेह्यांनी मला शुर्रास्कारियात जेवावयास नेले. शुर्रास्कारिया म्हणजे विस्तवावर भाजलेल्या मांसाची खाणावळ. तेथे ताटाजवळ एक लहानशी चकती असते, एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने तांबडी. हिरवी बाजू वर असेतोवर वाढपी येत राहणार. तांबडी केली की तुमची सुटका.

वाढपी येतो तोच मुळी हातभर लांबीची सळई घेऊन. तिचे टोक तो ताटाशेजारी टेकवतो, सुरीने वरचा भाजलेला पापुद्रा कापतो आणि आपण तो चिमट्याने धरून घ्यावयाचा. आतला कच्चा भाग पुन्हा विस्तवावर जातो. एक गेला की दुसरा निराळी सळई घेऊन हजर. या पद्धतीला ते रोडीझिओ म्हणतात, म्हणजे आळीपाळीने फिरणे.

मूळ हे जेवण गुराख्यांचे. दक्षिणेकडे रिओ ग्रांदे दो सुल नावाचा प्रांत आहे. तेथील गवताळ माळांवर घोड्यावर बसून गुरे राखणारे ते गाऊशो. जमिनीत चर खणावा, लाकडे पेटवावी, मांस काठीला टोचून निखाऱ्यांशेजारी उभे करावे, एवढाच त्यांचा स्वयंपाक. मसाला म्हणाल तर जाडे मीठ! ना मिरची, ना आले-लसूण. आपल्याकडची सुगरण नाक मुरडील. पण धुराचा वास आणि वितळलेली चरबी यांनीच त्याला चव येते, असे खाणारे सांगतात.

गोमांस मी खात नाही. तेव्हा यजमानांनी मला आधीच शब्द शिकवून ठेवले होते. फ्रांगो म्हणजे कोंबडी, पोर्को म्हणजे डुक्कर, कोर्देरो म्हणजे कोकरू. बाकीच्याला मान हलवावयाची. तिकडे सर्वांत मान पिकान्याला. गुराच्या पुठ्ठ्यावरचा हा तुकडा, चरबीची कड राखून, कोयरीसारखा वाकवून सळईत ओवतात. त्याला मी मान हलवली. पण उपाशी राहण्याची भीती नव्हती. भात होता, घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ होती, तळलेली केळी होती. उसळीवर भुरभुरावयाला फारोफा होती. ज्या कंदापासून आपल्याकडचा उपासाचा साबुदाणा होतो, त्याच कंदाचे हे भाजलेले जाडसर पीठ. हा कंद मूळचा तिकडचाच. काजू तिकडचा, अननसही तिकडचा. आपण ज्याला पाव म्हणतो तोही शब्द पोर्तुगीजच. तेथे चीज घातलेला लहानसा गोल पाव समोर आला तेव्हा मला नाव विचारावे लागले नाही.

आणि मग एक सळई आली. यजमान हसून म्हणाले, "हे तुमच्या देशातले."

त्याचे नाव कुपीं. कुपीं म्हणजे खरे तर वाळवी. वाळवीच्या वारुळासारखा पाठीवरचा उंचवटा म्हणून हे नाव. श्रोतेहो, ते वशिंड होते.

युरोपातल्या गुरांना वशिंड नसते. उष्ण ब्राझीलमध्ये ती गुरे उन्हाने आणि गोचिडांनी बेजार होत. आपल्याकडचा वाण ऊन सोसतो, वाळक्या गवतावर निभावतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिकडचे लोक आपली गुरे जहाजांतून नेऊ लागले. शेवटची मोठी खेप 1962 च्या सुमारास गेली. आंध्रातल्या ओंगोलला तिकडे नेलोरे म्हणतात, गुजरातेतल्या कांक्रेजला गुझेरा; गीर मात्र गीरच राहिली. आज त्या देशात माणसांहून गुरे अधिक आहेत आणि मांसाच्या गुरांत नेलोरेचा भरणा मोठा आहे.

आमचा बैल त्यांनी कापून खाल्ला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांनी त्या वाणाच्या वंशावळी लिहून ठेवल्या, आणि गीरची निवड दुधासाठी पिढ्यान्‌पिढ्या केली. आपण येथे काय केले? विलायती वळूंशी संकर करताना आपल्या चांगल्या वाणाकडे किती गावांनी लक्ष पुरवले? आणि अलीकडे ब्राझीलमधल्या गीर वळूंचे रेत इकडे आणण्याची खटपट झाली, तिला काय म्हणावे?

वाढपी सुरी धरून उभाच होता. माझी चकती हिरवी होती. मला मात्र पोळ्याच्या आदल्या दिवसाची खांदेमळण आठवत होती. बैलाला ओढ्यावर धुऊन आणून, हळद आणि तूप घेऊन त्याचे खांदे चोळावयाचे. जुवाने घट्टे पडलेली ती जागा, आणि तिच्या मागे हे वशिंड. मी चकती तांबडी केली.

यजमान जरा खट्टू झाले. मांस बरे भाजले नाही काय, असे विचारू लागले. तसे नव्हे, म्हणून मी दोन्ही हात आपल्या मानेवर आडवे ठेवून, जू कोठे बसते आणि ते मागे का सरकत नाही, हे त्यांना दाखवले. शहरात वाढलेला माणूस. नेलोरेची चित्रे त्यांनी पुष्कळ पाहिली होती, जुवाखालचा बैल कधी पाहिला नव्हता. "म्हणजे हे ओढण्याच्या कामी येते?" त्यांनी विचारले, आणि सळई गेली त्या दिशेला ते थोडा वेळ पाहत राहिले.