ऋण आणि वजा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सहावीच्या वर्गात फळ्यावर −३ + (−५) लिहा. भराभर हात वर होतात आणि उत्तर येतं, ‘अधिक आठ!’ का रे? ‘वजा वजा अधिक, सर.’ पाठांतर चोख. फक्त गुणाकाराचा नियम बेरजेत घुसलाय. हा मंत्र मीही बरीच वर्षं घोकून घेतला, त्यामुळे पोरांना दोष देववत नाही.

एकच आडवी रेघ दोन कामं करते, ही खरी अडचण. ‘७ − ३’मध्ये ती सांगते, काढून घ्या. ‘−३’मध्ये ती सांगते, ही संख्या शून्याच्या पलीकडची. इंग्रजी माध्यमात दोन्हीला सर्रास ‘मायनस’. मराठीत मात्र दोन शब्द आयते आहेत: क्रिया ती वजा, संख्या ती ऋण. तरी आपण २ − (−३) हे ‘दोन वजा वजा तीन’ असंच वाचतो! भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायला सांगितलंय. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ, पाटण्याला आहे.) डोक्यावरचं टिंब पाहून कुणी वजाबाकी करायला धावणार नाही.

ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त, म्हणजे इ. स. ६२८ मध्ये, धन, ऋण आणि शून्य यांच्या गणिताचे नियम आहेत, ते याच शब्दांत. वाण्याकडे तीन रुपयांची उधारी, वर आणखी पाचांची. आता आठ रुपये शिल्लक आहेत असं कुठलं पोर म्हणेल?

वजाबाकीसाठी मी कवड्या आणि चिंचोके घेतो. कवडी म्हणजे एक रुपया हातात, चिंचोका म्हणजे एक रुपयाची उधारी. दोघांची जोडी जमली की शून्य. (आधी शेंगदाणे वापरायचो, तास संपेपर्यंत धन संख्याच उरायच्या नाहीत.) आता दोन वजा ऋण तीन. समोर दोन कवड्या आहेत आणि तीन चिंचोके काढायचेत. चिंचोका तर एकही नाही! इथं घाई करू नये, वर्गाला चुळबुळू द्यावं. कुणीतरी म्हणतंच, ‘सर, जोड्या आणू का?’ तीन जोड्या आणल्या. किंमत बदलली नाही, कारण तीन शून्यं आली. आता तीन चिंचोके उचला. कवड्या मोजा: पाच. उधारी माफ झाली की माणूस तेवढ्यानं सावरतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

गुणाकारात मात्र ऋण गुणिले ऋण आलं की चिंचोके पिशवीत घालावेत. उधारीला उधारीनं गुणायचं म्हणजे काय, हे कुठलाही वाणी सांगू शकणार नाही. तिथं शून्याला धरावं. ऋण दोन गुणिले शून्य, शून्य. पण शून्य म्हणजे तीन अधिक ऋण तीन. कंस सोडवला, तर ऋण दोन गुणिले तीन, ऋण सहा. दुसऱ्या गुणाकारानं, म्हणजे ऋण दोन गुणिले ऋण तीननं, हे ऋण सहा फेडून शून्य करायला हवं. म्हणजे तो सहाच.

‘पण आपण ऋण सहाच ठरवलं तर?’ एका मुलीनं विचारलं.

‘तर ऋण बारा बरोबर शून्य लिहावं लागेल.’

ती म्हणाली, ‘मग लिहा की सर. माझी बारा रुपयांची उधारी फिटेल.’