घराची खाणावळ होते तेव्हा



माझे शिक्षण आठवीपर्यंत शाळेत झाले आणि पुढचे युनियनच्या कचेरीत, जुन्या निवाड्यांच्या फायली चाळताना. संसार या विषयावर बोलण्याचा तुझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही. पण तंटा ही वस्तू मी तीस वर्षे हाताळतो आहे, आणि आज जे सांगणार आहे तो तंटाच आहे. मालक घरातला आणि कामगारही घरातलाच, एवढा काय तो फरक.

माझा एक जुना सहकारी मालवण तालुक्यातला. आम्ही दोघांनी एकाच कारखान्याच्या फाटकावर घोषणा दिल्या. कारखाना बंद पडला तेव्हा हिशेबाचे पैसे घेऊन तो बायकोसह गावी परतला. सिंधुदुर्ग जिल्हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 साली कोकण रेल्वेचा मार्ग पुरा झाला, आणि तेव्हापासून त्या बाजूच्या वाड्यावस्त्यांतही ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ अशा पाट्या दिसू लागल्या. यांचे घर जुने, कौलारू, ओटी-पडवी-माजघर असलेले, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बायको मुंबईत पंधरा-वीस डबे करून देत असे, तिच्या हाताला चव. दोघांनी मिळून ठरवले, मिळून कर्ज काढले, मिळून भिंतींना चुना लावला. पहिल्या वर्षी त्याचा फोन आला की मागून तिचे हसणे ऐकू येई.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मी सपत्नीक गेलो. घर पाहुण्यांनी भरलेले. रात्री अकराच्या सुमारास आणखी एक मोटार दारात उभी राहिली. शहरातल्या माणसाची एक लकब तुम्हीही ओळखत असाल. तो उशिरा येतो आणि फार समजूतदारपणे म्हणतो, ‘काही त्रास घेऊ नका, साधे पिठले-भाकरी चालेल.’ पिठले-भाकरीला साधे म्हणणाऱ्याने रात्री अकरा वाजता चूल पेटवून भाकरी थापलेली नसते. यजमान हसतमुखाने ‘या, या’ म्हणाला, आणि आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मग स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज सुरू झाली. पाहुण्यांच्या देखत भांडता येत नाही, म्हणून त्या घरातली सगळी भांडणे कुजबुजीत होत. मोठ्याने झालेले भांडण संपते तरी. कुजबुजलेले सकाळपर्यंत आंबते.

त्या रात्री निजायच्या वेळी मला दुसरी गोष्ट कळली. त्या मोटारवाल्यांना दिलेली खोली या दोघांची स्वतःची होती. हंगाम लागला की तो ओटीवर पथारी टाकी आणि ती माजघरात सासूजवळ. दिवाळी, नाताळ, मे महिना. वर्षातले हे सगळे दिवस नवरा-बायको एका छताखाली राहून एकमेकांना फक्त कामापुरते भेटत. ‘चादरी बदलल्या का,’ ‘बंब पेटवला का,’ ‘चार नंबरला सोलकढी हवी आहे.’

सकाळी तो मला विहिरीवर घेऊन गेला. म्हणाला, ‘भाऊ, तू मोठमोठ्या मालकांशी तडजोडी केल्यास. हिला जरा समजाव. हल्ली तोंड पाडून वाढते, पाहुण्यांच्या लक्षात येते.’ तो वाईट माणूस नव्हे. पहाटे बाजार, मग पंप, स्टेशनवरून पाहुणे आणणे, संडासाची तुंबलेली नळी, आणि वर दिवसभर हसणे. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाला हसावे लागत नव्हते, हे त्याचेच शब्द. तोही थकला होता. पण तो ओटीवर थकत होता, जिथे पाहुणे त्याला ‘काका, जागा छान आहे हो’ म्हणत. ती आत थकत होती, जिथे ताट परत येई.

मी माझ्या सवयीप्रमाणे कागद घेतला आणि तास मांडले. तिचे पहाटे साडेचार ते रात्री अकरा. हॉटेलच्या भटारखान्यातल्या पोऱ्यासाठी आम्ही लढतो तेव्हा आमच्या हाती कायदा असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे आणि एक दिवस सुटी आहे. पण तो पगारी माणसासाठी. सरकारच्या श्रमबल पाहणीत हिच्यासारखीसाठी एक रकाना आहे, घरच्या उद्योगातील विनावेतन मदतनीस, आणि हा रकाना मोडतो स्वयंरोजगारात! रोजगार आहे, रोज मात्र नाही. 2019 च्या वेळवापर पाहणीत घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटे निघाला आणि पुरुषांचा 97. ही झाली साध्या घराची गोष्ट. घराचीच खाणावळ झाली की घरकाम कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

मला या वेळी माझी आई आठवली. लालबागच्या आमच्या खोलीत सहा गिरणी कामगार जेवायला असत. वडिलांच्या पाळीला भोंगा होता, आईच्या पाळीला नव्हता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, जेवणारे हळूहळू गावी गेले आणि भोंगा नसलेली ती पाळीही बंद पडली. तिच्या नुकसानीचा हिशेब कोणत्याही मागणीपत्रात नव्हता. आमच्या चळवळीत हे आधी ओळखले ते प्रेमा पुरव यांनी. त्यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराकडून सोडवले आणि बँकेच्या दारात उभे केले. कर्ज त्या बाईच्या नावावर मिळू लागले. ज्याच्या नावावर कर्ज, त्याला घरात विचारतात.

म्हणून मी मोठ्या उत्साहाने तोडगा मांडला. बाईंना महिन्याचा ठरावीक पगार, आठवड्याची सुटी, नफ्यात निम्मा वाटा. नवरा गप्प बसला. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘माका पगार नको, भावजी. माका ‘नाय’ म्हणूचो हक्क होयो.’

तीस वर्षांत माझ्या मागणीपत्राची अशी घडी कोणी घातली नव्हती. माझ्या बायकोने माझ्याकडे असे पाहिले की तो विषय आमच्या घरीही पुढे बरेच दिवस चालला. तो तपशील येथे नको.

मग कागद उलटा करून पुन्हा लिहिला. येणाऱ्यांचे फोन ती घेणार आणि खोली द्यायची की नाही हे तीच सांगणार. रात्री आठनंतर चूल नाही. सोमवारी पाहुणे नाहीत. आणि आतली खोली कितीही पैसे आले तरी भाड्याने द्यायची नाही. या शेवटच्या कलमावर तो सर्वांत जास्त भांडला, कारण तिचेच भाडे चांगले येई. ‘हप्ता कोण भरणार?’ हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. पुढे त्या वर्षी उत्पन्न घटले, हप्ता लांबला, आणि दोन महिने त्याने माझ्याशी बोलणे टाकले. सोमवारची सुटी तर मेमध्ये चक्क मोडली. सारे सुरळीत झाले असे मी तुम्हाला सांगणार नाही.

गेल्या दिवाळीत मुलांना घेऊन जावे म्हणून मी फोन लावला. तिने उचलला. ख्यालीखुशाली झाली. मग म्हणाली, खोली नाही, सगळ्या भरल्या. मी आपला जुन्या ओळखीवर जोर देऊन विचारले, ‘अहो, पण ती आतली?’

‘ती आमची,’ ती म्हणाली.

आम्ही शेजारच्या गावात उतरलो. जेवायला मात्र तिच्याकडेच गेलो, आठच्या आत.