शिपायाचा दिवस किती तासांचा?



पोलीसदलाचा इतिहास सांगायला कामगार चळवळीतला माणूस उभा राहावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आम्ही काही पंडित नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. पोलिसांशी आमची ओळख जुनी, पण ती बहुधा काठीच्या दोन टोकांना उभे राहून झालेली.

एकदा एका कारखान्यात संप चालू होता. बंदोबस्ताला आलेला हवालदार दुसऱ्या दिवशी सकाळीही त्याच जागी उभा दिसला. आम्ही चहा पुढे केला. चहा घेताना त्याने विचारले, "दादा, तुमची पाळी किती तासांची?" आम्ही म्हटले, "आठ." "आणि जादा काम केले तर?" "दुप्पट मजुरी." तो नुसता हसला. म्हणाला, "आम्हाला पाळीच नाही." त्या दिवसापासून आम्ही पोलिसांचे कायदे चाळू लागलो. जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो.

या दलाचा साचा कुठे घडला? १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला. तेथे सर चार्ल्स नेपियर याने आयर्लंडमधील पोलिसांच्या नमुन्यावर दल उभारले. लंडनचा पोलीस १८२९ साली शहराच्या रखवालीसाठी निघाला होता. आयर्लंडचा पोलीस मात्र नाराज प्रजेला धाकात ठेवण्यासाठी होता. सिंधसाठी निवडला गेला तो हा दुसरा. १८५३ साली मुंबई इलाख्याच्या पोलिसांची घडीही त्याच धर्तीवर बसविण्यात आली. पुढे १८६१ चा पोलीस कायदा झाला, आणि १८६४ साली फ्रँक सौटर हे मुंबई शहराचे पहिले पोलीस आयुक्त झाले.

१ मे १९६० रोजी आपले राज्य झाले, तेव्हा ही घडी वारशाने आपल्याकडे आली. आज वर महासंचालक, मोठ्या शहरांत आयुक्त, बाकीच्या जिल्ह्यांत अधीक्षक, त्यांच्याखाली उपविभाग, मग पोलीस ठाणे. १९४८ साली सुरू झालेले राज्य राखीव दल निराळे; दंगलीच्या वेळी ते धावून येते. नाशिकला अधिकाऱ्यांचे शिक्षण होते. ती शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला निघाली व १९०९ मध्ये नाशकास गेली. गावात पोलीस पाटील आहे. १९६७ च्या कायद्याने तो नेमणुकीचा झाला, वंशपरंपरेचा राहिला नाही. या साऱ्या उतरंडीच्या तळाशी शिपाई आणि हवालदार. संख्येने सर्वांत मोठे तेच, आणि नागरिकाची गाठ पडते तीही त्यांच्याशीच.

आता आमच्या हवालदाराच्या उत्तराकडे वळू. १८६१ च्या कायद्याचे बाविसावे कलम सांगते की, पोलीस सदैव कामावर आहे असे समजावे. आपल्या १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, तेच अठ्ठाविसाव्या कलमात आहे. रजेवर नसलेला पोलीस चोवीस तास कामावरच! १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. त्याच साली मुंबई जिल्हा पोलीस कायदा झाला. कामगाराचा दिवस पुढे आठ तासांवर आला. शिपायाच्या दिवसाला कायद्यात शेवट मिळाला नाही.

मग त्याने गाऱ्हाणे सांगावे कुठे? १९६६ च्या कायद्याने पोलिसाला परवानगीवाचून कामगार संघटनेत जाता येत नाही. १९८२ साली मुंबईत गिरणी संप चालू असतानाच पोलिसांचा असंतोष पेटला. १८ ऑगस्टला त्यांच्या पुढाऱ्यांना अटक झाली, संघटनेची मान्यता गेली, शहरात दंगल उसळली आणि लष्कराला बोलवावे लागले. अनेकांची नोकरी गेली.

या घटनेवरून आमचे एक मत बनले आहे. ते चळवळीतल्या आमच्या काही सोबत्यांना रुचणार नाही. पोलिसाला संपाचा हक्क असावा असे आम्ही म्हणत नाही. गिरणी बंद पडली तर कापड थांबते; ठाणे बंद पडले तर गरिबाचे घर लुटले जाते. श्रीमंताच्या दारावर पहारेकरी असतोच.

पण संप नको म्हणजे तोंडही बंद, हे आम्हाला मान्य नाही. इंग्लंडात १९१८ व १९१९ साली पोलिसांनी संप केले. १९१९ च्या कायद्याने त्यांच्या युनियनला बंदी झाली, पण त्याच कायद्याने शिपायापासून इन्स्पेक्टरपर्यंत सर्वांसाठी पोलीस फेडरेशन स्थापन झाले. एक दार लावले, तर दुसरे उघडून दिले. आपण दार लावायचे तेवढे उचलले.

असे दार उघडले तर काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१६ साली मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. योजना कुणा समितीची नव्हती. त्याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने ती मांडली. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली आणि २०१७ साली ती शहरभर लागू करण्याचे ठरविले. तळचा माणूस बोलला आणि वरच्याने कान दिला, एवढेच घडले.

दलाचे ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असे आहे. तीस तास उभ्या असलेल्या माणसाकडून सज्जनाचे रक्षण कसे होणार? त्याची काठी चुकीच्या पाठीवर पडते. ती आमच्या पाठीवरही पडली आहे, म्हणून हे सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे असे वाटते. शिणलेल्या शिपायाची किंमत अखेर नागरिकच मोजतो. तेव्हा शिपायाच्या पाळीचा प्रश्न हा केवळ शिपायाचा नव्हे, आपला आहे.