केबिनखालची वायर आणि तिची ढील

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत राहिले आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजीच्या धक्क्याची तीव्रता ४ च्याही वर गेली, हे श्रोत्यांना नव्याने सांगायला नको. अशा धक्क्यांनंतर भिंतींचे तडे सगळेच पाहतात. जमिनीलगतच्या वायरीकडे मात्र सहसा कोणी वाकून पाहत नाही. याच भागात बुलेट ट्रेन आणि द्रुतगती महामार्गाच्या कामांच्या जागी पत्र्याच्या केबिन, म्हणजे लोखंडी सांगाड्याला पत्रा ठोकून केलेल्या, ट्रेलरवरून हलवता येणाऱ्या खोल्या दिसतात. त्या पायावर बांधलेल्या नसून बहुधा सिमेंटच्या ठोकळ्यांवर नुसत्या टेकवलेल्या असतात, म्हणून धक्क्याने किंवा पावसात माती खचल्याने त्या थोड्याशा सरकल्या, तरी खालून आत शिरणारी वायर त्यांच्याबरोबर ओढली जाते.

या वायरीचा विचार गाईच्या दाव्यासारखा करावा. दाव्याची एक गाठ खुंटीला आणि दुसरी गळ्याला पक्की असते, पण मधल्या दोराला ढील असते. ढील नसेल तर बिचकलेल्या गुराच्या हिसक्याने खुंटी उपटते आणि अति असेल तर दावे पायांत गुंतते. केबिनखालीही वायर दोन्ही टोकांना ग्लँडने, म्हणजे केबल आवळून धरणाऱ्या बुचाने, पकडावी आणि मध्ये हातभर ढील सोडून ती जमिनीवर न लोळवता सांगाड्याला क्लॅम्पने टांगावी. ढिलीचा झोल आत शिरण्याच्या भोकाखाली राहिला की वायरीवरून ओघळणारे पावसाचे पाणी तिथेच गळते, आत जात नाही. आणि त्या भोकाला रबरी कडे बसवलेले नसेल, तर पत्र्याची धार वायरीचे आवरण कापत राहते. ताणून बसवलेली वायर दिसायला सुबक असते, पण हा सुबकपणा धोक्याचा आहे, हे वायरमन मंडळींनी थोडा राग आला तरी मनावर घ्यावे.

ढिलीचाच दुसरा भाग अर्थिंगचा आहे. अर्थिंगची तार म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी हिरवी तार. जोडणीच्या ठिकाणी ती फेज आणि न्यूट्रल या वीज आणणाऱ्या-नेणाऱ्या दोन्ही तारांपेक्षा लांब ठेवावी, म्हणजे हिसका बसलाच तर आधी त्या दोन तुटतात आणि अर्थिंगची तार सर्वांत शेवटी. ती आखूड राहून आधी तुटली, तर करंट उतरलेली केबिन बाहेरून नेहमीसारखीच दिसते आणि दाराच्या कडीला हात लावणाऱ्यालाच झटका बसतो. म्हणून पुन्हा सांगणे भाग आहे: ढील सर्वच तारांना हवी, पण अर्थिंगच्या तारेला सर्वांत अधिक.

सांगाडा स्वतः अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेला असावा, आणि उन्हाळ्यात माती सुकली की तिची वीज वाहण्याची क्षमता घटते, म्हणून त्या खड्ड्यात पाणी घालावे. बोर्डावर ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण, असावे. नुसते एमसीबी, म्हणजे जादा करंट वाहिल्यास पुरवठा तोडणारे बटण, ते काम करत नाही. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, मात्र त्याने ते उपकरण तपासले जाते, अर्थिंग नव्हे. अर्थिंग मोजण्याची रीत निराळी असून आजच्या वेळात तिचे वर्णन बसणार नाही.